रुळांशेजारची झोप

या वेळी आलेल्या पत्रांत तीन पत्रं रेल्वेच्या आवाजाची आणि हादऱ्यांची आहेत, आणि तिन्ही बडोद्याची. मी छत्तीस वर्षं रेल्वेच्या ट्रॅकवर काम केलं, त्यातली बरीचशी याच भागात, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे दिली. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तसं घर रुळांच्या कडेला प्रत्येक गल्लीत सापडेल.

प्रश्न : काका, आमचं घर विश्वामित्री स्टेशनच्या अलीकडे, रुळांपासून चाळीसेक पावलांवर आहे. १९९४ साली सासऱ्यांनी बांधलं, खाली दोन खोल्या, वर दोन. पूर्वी गाड्यांचं काही वाटत नसे. गेली तीन-चार वर्षं रात्रीच्या मालगाड्या अशा घुमतात की शोकेसच्या काचा वाजतात, कॉट हलते. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, बीपीची गोळी चालू आहे. रात्री दोन-तीनदा उठून बसतात आणि सकाळी म्हणतात, "मला कुठे जाग आली?" मुलगा दहावीत आहे. वरच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे, तिची भीती वाटते. खिडक्यांना डबल काच बसवायचे अठ्ठेचाळीस हजार सांगितलेत. शेजारच्या भाभी म्हणतात, कंपाउंडला आसोपालव लावा. आमचे हे म्हणतात, सवय होते, इतकी वर्षं राहिलोच ना. मी काय करू?
(एक वाचक, बडोदे)

उत्तर : ताई, पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला आणि नंतर दोन रात्री तुमच्या वरच्या खोलीत येऊन बसलो. दांडिया बाजारातून स्कूटरनं दहा मिनिटं. तिथे जे पाहिलं ते इथे सगळं लिहितो, कारण ते इतरांच्याही उपयोगाचं आहे.

आधी तुमच्या यजमानांच्या वाक्याबद्दल. हेच वाक्य मी माझ्या बायकोला म्हणालो होतो. नोकरीच्या सुरुवातीला एका छोट्या स्टेशनावर आमचं क्वार्टर रुळांना अगदी लागून होतं. मुलगी तेव्हा तान्ही होती. मी दिवसभर रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगबरोबर उन्हात चालून आलेला असायचो, पडल्या पडल्या झोप लागायची, आणि सकाळी हिला सांगायचो की सवय होईल. चार वर्षांनी आमची बदली झाली आणि शहरातल्या घरात पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "मला स्वप्न पडलं. किती दिवसांनी!" त्या चार वर्षांत तिला एकही रात्र सलग झोप मिळाली नव्हती आणि मला ते कळलं नव्हतं. मला याचं आजही वाईट वाटतं. म्हणून तुमच्या पत्रातलं ते वाक्य वाचून मी थांबलो नाही.

सवय होते हे अर्धंच खरं आहे. रोज तोच आवाज असेल तर काही रात्रींनी माणूस पूर्ण जागा होणं कमी होतं. पण गाडी गेली की नाडी जलद होते, गाढ झोप उथळ होते, आणि झोपलेल्याला त्यातलं काही आठवत नाही. झोपेच्या प्रयोगशाळांत हे मोजलेलं आहे. हृदयाच्या ठोक्यांची ही उसळी वर्षानुवर्षं रुळांजवळ राहिलेल्यांतही पूर्ण जात नाही. तुमच्या सासूबाई "मला कुठे जाग आली" म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नाहीत. दुसऱ्या रात्री २ वाजून ४० मिनिटांची मालगाडी गेली तेव्हा मी दारातून पाहिलं. आजी उठून बसल्या, पदर सारखा केला, उशीखालची जपमाळ हाताला लागते का ते चाचपलं आणि परत आडव्या झाल्या. सकाळी मी विचारलं तर म्हणाल्या, छान झोप झाली. उतारवयात गाढ झोप मुळातच थोडी असते, त्यातली ही रोज दोन-तीनदा मोडते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली युरोपसाठी केलेल्या मार्गदर्शनात रेल्वेचा रात्रीचा सरासरी आवाज घराबाहेर ४४ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलं आहे. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. पण सरासरी हा आकडा फसवतो. रात्रभर शांतता आणि चार वेळा मिनिटभर गडगडाट, याची सरासरी कागदावर बरी दिसते. माणूस मात्र त्या चार मिनिटांनी उठतो.

बीपीबद्दल लिहिलंत. रस्त्यावरच्या वाहनांच्या आवाजाचा आणि हृदयविकाराचा संबंध चांगला तपासला गेला आहे. रेल्वेबाबत तसा पुरावा कमी आहे, म्हणून बीपी गाड्यांमुळेच आहे असं मी म्हणणार नाही. आजींचं बीपी पंधरा दिवस रोज सकाळी उठल्या उठल्या मोजा, खोली बदलल्यावर पुढचे पंधरा दिवस पुन्हा मोजा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळीत बदल त्यांनाच करू द्या.

आता मुख्य गोष्ट. गाडीकडून तुमच्या घरात दोन वेगळ्या वाटांनी त्रास येतो आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एक वाट हवेची : चाक आणि रूळ यांच्या घासण्याचा आवाज, इंजिन, हॉर्न. हा खिडकीतून येतो. दुसरी वाट जमिनीची : भरलेल्या एका वॅगनचं वजन नव्वद टनांच्या घरात असतं, अशा पन्नासहून जास्त वॅगन म्हणजे एकूण पाच हजार टन. ते वजन गिट्टीवरून जाताना जमीन हलकेच दबते-उसळते, तो कंप मातीतून तुमच्या पायापर्यंत येतो, भिंतीत चढतो आणि स्लॅबला हलवतो. खोलीच्या मधला स्लॅब जास्त झुलतो. कंप जरा जलद असेल तर भिंतीच स्पीकरसारख्या घुमतात. तुम्ही पत्रात "घुमतात" हा शब्द लिहिलात तेव्हाच मला शंका आली होती.

हे तपासायला मी एक साधी युक्ती केली. तुमच्याकडची स्टीलची परात जमिनीवर ठेवून तिच्यात दोन बोटं पाणी घेतलं, सगळ्या खिडक्या लावल्या, दिवा मालवला आणि मोबाइलची बॅटरी तिरकी धरून पाण्यावर पाडली. प्रकाशाचा गोल छतावर उमटला. प्रवासी गाडी गेली तेव्हा आवाज बऱ्यापैकी आला पण गोल जवळजवळ स्थिर राहिला. मालगाडी आली तेव्हा तो गोल फुटला, छतभर जाळी पसरली आणि शेवटचा डबा जाईपर्यंत थरथरत राहिली. तुमच्या मुलानं कानात बोटं घातली होती, तळवे फरशीवर टेकवले होते, आणि तो म्हणाला, "काका, हाताला ऐकू येतंय." हीच परात मागच्या खालच्या खोलीत ठेवली, तिथे गोल कडेनंच जरासा हलला.

म्हणून ते अठ्ठेचाळीस हजार आज खर्च करू नका. दिवसा आणि संध्याकाळी प्रवासी गाड्यांचा आवाज खिडक्यांनी कमी होईल, पण आजींना उठवणारा मालगाडीचा कंप काचेला विचारत नाही. शिवाय ज्या डबल काचेचा भाव तुम्हाला सांगितला आहे तिच्यातली फट बोटभरही नाही. जड, खालच्या सुराचा आवाज अडवायला दोन काचांत वीतभर नसली तरी चार बोटं अंतर लागतं, म्हणजे जुनी खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी बसवायची. तुमच्या खिडक्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या आहेत. त्यांच्या खाचेतून बोट जाईल एवढी फट आहे. पुढेमागे पैसे घालायचेच झाले तर रबरी पट्टी असलेली, दाबून बंद होणारी खिडकी फक्त मुलाच्या अभ्यासाच्या खोलीला करा. आणि खिडकी उघडी ठेवून झोपायचं असेल तर कुठलीही काच सारखीच.

आसोपालव जरूर लावा, धूळ अडेल, डोळ्याला बरं वाटेल. एका ओळीतल्या झाडांनी आवाज मोजण्याइतका कमी होत नाही. त्याला तीसेक मीटर रुंदीचं दाट रान लागतं. कंपाउंडची भिंत उंच केली तर खालच्या मजल्यावर फरक पडेल, कारण तिथून चाकं दिसेनाशी होतील. वरच्या खोलीतून रूळ दिसतच राहतात, तिथे उपयोग शून्य.

करायचं काय ते सांगतो. आजींना आजच खाली मागच्या खोलीत आणा. ती खोली तुम्ही वर्षाच्या गव्हाच्या कोठ्यांनी आणि जुन्या ट्रंकांनी भरली आहे. कोठ्या वर पुढच्या खोलीत हलवा, गव्हाला झोप लागत नाही. रुळांकडून येणारा आवाज अख्खं घर मध्ये आल्यामुळे बराच अडेल, जमिनीला टेकलेल्या फरशीला स्लॅबसारखी झुल नाही, आणि आजींच्या गुडघ्यांना जिनाही चुकेल. कॉट भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. मुलगा वरच झोपणार असेल तर त्याची कॉट खोलीच्या मधोमध नको, तुळईच्या बाजूला कोपऱ्यात घ्या. शोकेसच्या काचांखाली आणि मांडणीवरच्या डब्यांखाली फेल्टचे तुकडे चिकटवा. कंप तेवढाच राहतो, पण वाजणं थांबलं की तो निम्मा वाटतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. मुलानं परीक्षेच्या दिवसांत कानात फोमचे बोळे घालायला हरकत नाही. आजींना घालू नका, रात्री हाक ऐकू यायला हवी.

भेगेचं. ती भेग मी निरखून पाहिली. माणसाला कंप जाणवायला लागतो तो वेग सेकंदाला ०.३ मिलिमीटरच्या आसपास असतो. जर्मनीच्या बांधकाम मानकात साध्या राहत्या घराच्या पायाशी सेकंदाला ५ मिलिमीटरपर्यंतच्या थोड्या वेळच्या हादऱ्यांनी घराला इजा धरत नाहीत. म्हणजे घराला धोका होण्याच्या कितीतरी आधी माणसाची झोप उडते. तुमच्या भेगेचं कारण मला पायाखाली दिसतं. हा सगळा भाग काळ्या मातीचा. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल फाटते, आणि उथळ पायाचं घर तिच्याबरोबर वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग ही या मातीची सही आहे. त्यातून तुमच्या छताचं पाणी पन्हळीतून थेट त्याच कोपऱ्यात पडतं. आधी ते पाणी पाइपनं लांब काढा. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर पट्टा आडवा मारून त्यावर तारीख लिहा. पावसाळ्यात मिटली आणि मे महिन्यात पट्टा फुटला तर दोष मातीचा. बारा महिने रुंदावतच गेली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, वाट बघू नका.

आता रुळांच्या बाजूनं. पूर्वी त्रास नव्हता, तीन-चार वर्षांत वाढला, असं तुम्ही लिहिलंत. वाढ झाली तर तिला कारण असतं आणि ते शोधता येतं. कान देऊन ऐका. एका मालगाडीत "थड् थड् थड्" असा ठोका होता आणि तो उजवीकडून डावीकडे गाडीबरोबर सरकत गेला. ते चाक चपटं झालेलं. ब्रेक जोरात लागला की चाक फिरायचं थांबतं आणि रुळावर घसरतं, तेवढी जागा सपाट घासली जाते. मालडब्याच्या चाकावर असा सपाट भाग ६० मिलिमीटरपर्यंत चालतो, प्रवासी डब्याच्या चाकावर ५० पर्यंत. मीटरभर व्यासाचं चाक ताशी ६० किलोमीटरनं सेकंदाला पाचेक फेरे घेतं, म्हणजे पाच हातोडे. हा त्रास त्या डब्याबरोबर येतो आणि जातो. असा डबा पकडायला व्हील इम्पॅक्ट लोड डिटेक्टर नावाचं यंत्र रुळावर बसवतात.

दुसरा ठोका एकाच जागेवरून येत होता. प्रत्येक गाडीला, प्रत्येक चाकाला, तुमच्या कंपाउंडच्या डाव्या टोकासमोर, "खट-खट, खट-खट". तो रुळातला दोष. जोड खचला असेल, वेल्डिंगची जागा बसली असेल, किंवा गाडी रूळ बदलते त्या काट्याजवळ रूळ एकमेकांना छेदतात तिथलं टोक झिजलं असेल. सकाळी मी हद्दीबाहेरून पाहिलं तर तिथली गिट्टी चिखलानं भरलेली दिसली. अशा जागी गाडी जाताना रुळांखालचा आडवा स्लीपर खाली-वर होतो आणि चिखलपाणी वर फेकलं जातं. आम्ही त्याला ट्रॅक पंप करतोय म्हणायचो. गिट्टी नुसती खडी नसते, ट्रॅकची गादी असते ती. चिखल भरला की गादी कडक होते आणि सगळा मार खाली मातीत उतरतो. माझ्या गँगमधला एक जुना कीमन, म्हणजे रोज रूळ तपासत चालणारा कामगार, अशा जागी बूट काढून उभा राहायचा आणि तळपायानं सांगायचा किती स्लीपर मोकळे आहेत. तो क्वचितच चुकायचा.

हे दुरुस्त होणारं आहे. फक्त तक्रार नेमकी हवी. "गाड्यांचा फार त्रास होतो" या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. विजेच्या प्रत्येक खांबावर पाटी असते, तिच्यावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक असतो. तुमच्या गच्चीवरून तो वाचता येतो, रुळांवर उतरू नका. पंधरा दिवस वहीत लिहा : तारीख, वेळ, मालगाडी की प्रवासी, अप की डाउन (म्हणजे कुठल्या दिशेची), ठोका सरकता की एकाच जागी, खांबाचा क्रमांक. मग प्रतापनगरला मंडळ कार्यालयात इंजिनिअरिंग शाखेला अर्ज द्या, गल्लीतल्या दहा घरांच्या सह्या घ्या, पोच घ्या. शिवाय रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर नोंद करा. महिन्यात हालचाल दिसली नाही तर १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारा की या खांबांच्या दरम्यान शेवटचं टॅम्पिंग (स्लीपरखाली गिट्टी ठोकून बसवणं) आणि गिट्टीची सफाई कधी झाली. उत्तराची मुदत ३० दिवस. माझा अनुभव असा, की खांबाचा नंबर असलेला कागद टेबलावर आला की सेक्शनवर कोणीतरी बघायला निघतंच. आम्ही निघायचो.

हॉर्नबद्दल तुम्ही फोनवर म्हणालात. लोको पायलट हौसेनं हॉर्न देत नाही. तुमच्या गल्लीच्या टोकाला भिंत फोडून वाट केली आहे आणि लोक तिथून रूळ ओलांडतात. पहाटे पाचला दूधवाला सायकल उचलून पलीकडे गेला, मी पाहिलं. माणूस दिसला की हॉर्न वाजणारच, वाजायलाच हवा. ती वाट बंद करायची मागणी त्याच अर्जात घाला. त्यात हॉर्न कमी होईल आणि कोणाचा जीवही वाचेल.

प्रश्न : सर, मी आणि माझी बायको दोघं नोकरी करतो. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आवडला आहे. बाल्कनीतून एका बाजूला बुलेट ट्रेनचा पूल दिसतो आणि त्याच्या पलीकडे जुनी लाइन. बिल्डर म्हणतो, बुलेट ट्रेनचा आवाज येणारच नाही, पुलावर भिंत आहे. बानाखत (खरेदीचा करार) पुढच्या महिन्यात करायचं आहे.
(एक तरुण वाचक, बडोदे)

उत्तर : भिंत आहे हे खरं. मुंबई-अहमदाबादच्या ५०८ किलोमीटरच्या या मार्गावर पुलाच्या दोन्ही कडांना रुळांच्या पातळीपासून २ मीटर उंच काँक्रीटची फलकं लावतात, वस्तीच्या भागात ३ मीटरची. पण आवाज अडवणाऱ्या भिंतीचा नियम एकच : जिथून चाकं दिसत नाहीत तिथे ती काम करते. पुलाखाली आणि पुलाच्या उंचीपर्यंतच्या मजल्यांना तिचा फायदा. सातव्या मजल्यावरून तुम्ही भिंतीवरून आत बघता. बाल्कनीत उभं राहून पुलावरचे रूळ दिसतात का ते पाहा. दिसत असतील तर बिल्डरचं वाक्य तुमच्या मजल्याला लागू नाही.

शिवाय फार वेगात आवाज फक्त चाकांचा राहत नाही, हवा कापण्याचा आणि छतावरून तारेतली वीज घेणाऱ्या पँटोग्राफचा आवाज मोठा होतो. या गाडीचा ठरलेला वेग ताशी ३२० किलोमीटर आहे. तुमची इमारत बडोदे स्टेशनच्या किती जवळ आहे ते बघा, कारण थांबणारी गाडी तिथे हळू असेल, शहराबाहेर ती भरात असेल.

जपानचा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथे १९६४ साली शिंकान्सेन सुरू झाली. नागोयात रुळांकाठच्या ५७५ रहिवाशांनी १९७४ साली आवाज आणि हादऱ्यांविरुद्ध दावा लावला. १९७५ साली सरकारनं शिंकान्सेनसाठी निवासी भागात ७० डेसिबलचं मानक ठरवलं, आणि १९८६ साली त्या दाव्यात तडजोड झाली. बारा वर्षं सोसून लोकांनी ती तडजोड मिळवली. आज त्या गाड्या पूर्वीपेक्षा वेगवान आहेत, तरी कितीतरी शांत आहेत, आणि मध्यरात्री ते सकाळी ६ तिथे शिंकान्सेन धावत नाही.

तुम्हाला झोपेचा धोका मला नव्या पुलापेक्षा जुन्या लाइनचा जास्त वाटतो. फ्लॅट सगळे दुपारी किंवा रविवारी बघतात. बानाखतावर सही करण्याआधी एक रात्र १ ते ४ त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये बसा. वॉचमनला सांगून जा, सतरंजी आणि पाण्याचा थर्मास न्या. बेडरूमची खिडकी बंद करून आणि उघडी ठेवून, दोन्ही वेळा गाडी जाऊ द्या. त्याच इमारतीत रुळांकडे पाठ असलेला फ्लॅट रिकामा असेल तर तो घ्या, उजेड थोडा कमी असला तरी. लग्नाला दोन वर्षं झाली म्हणता. उद्या घरात बाळ येईल, तेव्हा या सल्ल्याची किंमत कळेल.

प्रश्न : मी रुळांजवळच्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. गाडी आली की बोलणं थांबवावं लागतं. रुळांकडच्या वर्गातली मुलं वाचनात मागे वाटतात. हा माझा भ्रम आहे का?
(एक शिक्षिका, बडोदे)

उत्तर : भ्रम नाही, बाई. तुमचा प्रश्न जगात एका ठिकाणी नीट मोजला गेला आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये पीएस ९८ नावाची शाळा आहे, तिच्या एका बाजूनं पुलावरून गाडी जाते. शाळा चालू असताना दर साडेचार मिनिटांनी गाडी, आणि वर्गात आवाज ८९ डेसिबल. अर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका सहकाऱ्याबरोबर १९७५ साली रुळांकडच्या आणि पलीकडच्या वर्गांतल्या मुलांचं वाचन तपासलं. सहावीपर्यंत रुळांकडची मुलं जवळजवळ एक वर्षानं मागे पडलेली निघाली. एकच शाळा, एकाच वस्तीतली मुलं.

पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. त्यांच्या पाठपुराव्यानं रुळांखाली रबरी पॅड बसले आणि वर्गांना आवाज शोषणारी छतं लागली. १९८१ साली पुन्हा तपासलं तर दोन्हीकडची मुलं बरोबरीनं वाचत होती. मी पोरासोरांच्या शाळांशेजारी किती वर्षं रूळ सांभाळले, पण त्या रबरी पॅडचा विचार शाळेसाठी म्हणून कधी कोणी आमच्यापुढे मांडला नाही. तुम्ही मांडा. पालकसभेत ठराव करून घ्या आणि वर लिहिलेल्या पद्धतीनं, खांबाच्या क्रमांकासह अर्ज द्या. शाळेच्या भोवतालचे १०० मीटर सरकारनं शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केले असतील तर तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, हेही त्यात लिहा.

तोवर वर्गात एवढं करता येईल. वाचनाचा आणि शुद्धलेखनाचा तास पलीकडच्या वर्गात घ्या, रुळांकडच्या खोलीत चित्रकला आणि कार्यानुभव. चौथीच्या मुलांना तीच खोली वर्षभर देऊ नका, सहामाहीला वर्ग बदला. गाडी जाताना ओरडून शिकवू नका, घसा जातो आणि मुलांना अर्धेच शब्द कळतात, गाडी जाऊ द्या. ज्याला कमी ऐकू येतं अशी शंका आहे त्याला पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवा.

तुमच्या वर्गाला पत्र्याचं छप्पर आणि चारी बाजूंनी ऑइलपेंटच्या भिंती आहेत असं लिहिलंत. आवाज आत आला की तो तिथेच आपटत राहतो. मी पुढच्या मंगळवारी सकाळी शाळा भरायच्या आधी येतो. रिकाम्या वर्गात टाळी वाजवली की किती घुमतं ते कळेल, मग मागच्या भिंतीला गोणपाटाचे किंवा जाड कापडाचे फलक किती लावायचे ते ठरवू. शिपाईदादांना फक्त कुलूप साडेसहाला उघडायला सांगून ठेवा.